पाण्याआधीचं नाव

संत्र्याची तोड सुरू झाली की आमच्या रस्त्याचा वास बदलतो. पांढुर्ण्याच्या मंडीकडे जाणाऱ्या गाड्या घरासमोरूनच जातात आणि दार लावून बसलं तरी तो वास फटीतून आत येतोच. लोकांना तो आवडतो. नागपूरहून आलेला पाहुणा तर फाटकात उभा राहून लांब श्वास घेतो आणि 'वा' म्हणतो. मी काही बोलत नाही. त्याच्या आनंदावर उगाच विरजण कशाला घालायचं? मला या वासाचं वावडं आहे, इतकंच. तोडीच्या दिवसांत माझ्या घरात संत्रं येत नाही, आणि कोणी प्रेमानं पिशवी आणून दिलीच तर ती तशीच शेजारच्या नंदाबाईंकडे जाते.

याच दिवसांत आमच्या मंडळीचं हिवाळ्यातलं प्रभुभोजन असतं. आमची मंडळी प्रेस्बिटेरियन, आणि सौंसरमध्ये आता अगदी मूठभर. मी या गावात सून म्हणून आले तेव्हा चर्चमधले बाक भरायचे. उशिरा येणाऱ्याला मागे सतरंजीवर बसावं लागायचं. आता सतरंजी गुंडाळून कोपऱ्यात उभी आहे. पाळक पूर्वीही इथले नव्हते, आताही नाहीत. ते नागपूरहून येतात. पूर्वी छोट्या लाईनच्या रेल्वेगाडीनं यायचे, आता बसनं येतात, आणि शनिवार असला तर जामसांवलीच्या हनुमानाला निघालेल्या गर्दीत त्यांची बस हमखास अडकते. पाळक आल्याशिवाय आमच्याकडे ना बाप्तिस्मा होतो ना प्रभुभोजन. प्रार्थना कोणीही करावी, मयतीला मंडळीतल्या वडिलांनी उभं राहावं, पण या दोन गोष्टींना दीक्षित पाळकाचाच हात लागतो. 'वडील' म्हणजे मंडळीनं निवडलेला कारभारी. बोलताना सगळे एल्डरच म्हणतात.

नंदाबाईंना आमच्या या दोनच संस्कारांची मोठी गंमत वाटते. "दोनच? आमच्यात त जन्मायच्या आधीपासून सुरू होते," असं त्या म्हणतात. त्यांच्या नातीचं बारसं झालं तेव्हा मी पाळण्याची दोरी धरायला उभी होते. बाराव्या दिवशी आत्यानं कानात नाव सांगितलं, बायकांनी पाठीत धपाटे घातले, घुगऱ्या वाटल्या, आणि त्या दिवसापासून पोर नावानं ओळखली जाऊ लागली. किती सोपं असतं काही लोकांचं. मी घुगऱ्या पदरात घेऊन घरी आले आणि त्या तशाच ताटलीत राहिल्या.

आमच्या मंडळीत नावाची एक वेगळी चाल होती. ती कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. नागपूरच्या पाळकांना सांगितलं की ते हसायचे आणि हे तुम्ही कुठून आणलं म्हणून विचारायचे. पण इथली जुनी माणसं ती पाळत. मुलाचं नाव आईबापांनी ठरवायचं आणि आपल्यातच ठेवायचं. बाप्तिस्म्याच्या दिवशी पाळक सगळ्यांसमोर विचारणार, या बालकाचं नाव काय? तेव्हा बापानं ते पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारायचं. मग पाळक नाव घेऊन कपाळावर पाणी घालणार, आणि सगळी मंडळी उठून उभी राहून वचन देणार, की या लेकराला आम्ही आमच्यातलं मानू, त्याला एकटं पडू देणार नाही. तोवर पोर बाब्या, नाहीतर चिमी. आजीनं कितीही खोदून विचारलं तरी आईबाप हसून विषय बदलत. कितीतरी मुलं आमच्याकडे महिनोन्महिने बिननावाची रांगली आहेत.

आमची मुलगी पोळ्याच्या आसपास झाली. सुधाकर, माझा नवरा, रोज शाळेतून आला की ओट्यावर बसून एकेक नाव काढायचा आणि मी नाक मुरडायची. आम्ही दोघंही शिक्षक, मी रामाकोन्याला, तो सौंसरला. हजेरीत ऐकून ऐकून निम्म्या नावांशी आमचं वाकडं झालेलं. एखादं नाव काढलं की त्या नावाचा खोडकर विद्यार्थी एकाला तरी आठवायचाच. शेवटी एक नाव दोघांनाही पटलं. सुधाकर ते अगदी हळू बोलला. मी मान हलवली. माझ्या आईलासुद्धा सांगितलं नाही. मुलीला आम्ही बाळी म्हणायचो.

तिचा बाप्तिस्मा हिवाळ्यातल्या प्रभुभोजनाच्या रविवारी व्हायचा होता. झबलं माझ्या आईनं शिवलं होतं, पांढरं, गळ्याला बारीक लेस लावलेलं. आणि त्याच्या आधीच्या आठवड्यात बाळीला न्यूमोनिया झाला. छाती भात्यासारखी हलायची. गावातल्या डॉक्टरांनी तपासलं, इंजेक्शन दिलं आणि नागपूरला हलवा म्हणाले. सकाळची छोटी गाडी निघून गेली होती. सुधाकर जीप शोधायला बाहेर पडला. पण तोडीचे दिवस. गावातलं चार चाकांचं जे काही होतं ते संत्री वाहत होतं. कोणी रामाकोन्याला गेलेलं, कोणी पांढुर्ण्याला. कोणीतरी म्हणालं बोरगावला एक जीप उभी आहे, म्हणून तो बोरगावच्या वाटेला लागला. मी घरात बाळीला घेऊन एकटी बसले होते. स्वच्छ ऊन पडलेलं होतं, आणि ते मला अजूनही खटकतं.

दुपारी शामराव एल्डर आले. मंडळीतले सगळ्यात मानाचे गृहस्थ. रामाकोन्याजवळ त्यांची संत्र्याची बाग. सगळे त्यांना काकाजी म्हणत, मीही म्हणायची. बातमी ऐकून ते बागेतून तसेच उठून आले होते. हाताला संत्र्याच्या सालीचा वास होता. त्यांनी वाकून बाळीकडे पाहिलं आणि ते सरळ उभे राहिले. त्यांच्या तोंडावरूनच मला कळलं.

"काकाजी," मी म्हणाले, "पाळक काही वेळेवर पोचत नाहीत आता. तुम्हीच पाणी टाका इच्यावर."

"बाई, माझा हात त्या कामाचा नाही."

"घरात कोणी नाही जी. कोण पाहून राहिलं? टाका."

"पाण्यानं लेकरू देवाचं नाही होत, बाई. ते देवाचंच असते, म्हणून आपण पाणी टाकतो. न टाकल्यानं तिचं काही कमी होत नाही."

"कमी होत नाही, त मग टाका न."

मग उभ्याउभ्याच त्यांनी डोळे मिटून प्रार्थना केली, छोटीशी. "बागेत मजूर खोळंबून राहिले," असं म्हणाले आणि गेले. चपला घालायला त्यांना वेळ लागला. ते फाटकाबाहेर गेल्यावर मी घरात पाहिलं तर पाण्याचा तांब्या जवळच होता. मी तो उचलला नाही. पाणी घालणं हे एकट्याचं काम नव्हे, हे मला लहानपणापासून शिकवलेलं होतं, आणि शिकवलेलं अशा वेळी नेमकं आठवतं.

ऊन ओट्यावरून उतरायच्या आत बाळी गेली. जीप आली तेव्हा तिन्हीसांज झाली होती. मागच्या सीटवर संत्र्याच्या पेट्यांतलं वाळलं गवत पसरलेलं होतं आणि सगळ्या जीपला तोच वास होता.

दुसऱ्या दिवशी पाळक आले. मातीच्या वेळी त्यांनी सुधाकरला हळूच विचारलं, नाव काय? सुधाकरनं तोंड उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं. मीही त्याच्याकडे पाहिलं. ते नाव पाण्याबरोबर घ्यायचं होतं. मातीबरोबर कसं घेणार? पाळकांना समजलं असावं. ते म्हणाले, सुधाकर आणि विमल यांची कन्या. तेवढंच. नंतर ओट्यावर बसून त्यांनी आम्हाला समजावलं, की देवाचं वचन आईबापांना असतं तसं त्यांच्या लेकरांनाही असतं, बाप्तिस्मा ही त्या वचनाची खूण आणि मोहोर, मोहोर उठायची राहिली म्हणून वचन खोटं होत नाही. शामराव जे बोलले तेच, फक्त सावकाश. मला ते पटलं. आजही पटतं. पण पटलेल्या गोष्टीनं रात्री झोप लागतेच असं नाही.

आता प्रभुभोजनाबद्दल, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायच्या विधीबद्दल, सांगते. आमच्याकडे रांगेनं पुढं जाऊन घ्यायची पद्धत नाही. लोक बाकावरच बसतात. पाळक टेबलाजवळ भाकर मोडतात, एल्डर तबक घेऊन बाकाच्या टोकाशी येतात, आणि मग तबक हातोहात पुढं सरकतं. शेजाऱ्यानं तबक धरायचं, आपण तुकडा घ्यायचा, मग आपण पुढच्यासाठी धरायचं. आपलं आपण काही घ्यायचं नाही. कोणीतरी दिलं तरच मिळतं. म्हणूनच एक कडक नियम आहे, की कोणाशी अबोला असेल, मनात अढी असेल, तर आधी ती मिटवा, नाहीतर त्या दिवशी तबक पुढं जाऊ द्या. प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी एल्डर घरोघरी जाऊन विचारतात, मन साफ आहे ना?

माझं नव्हतं. आणि मी तसं नाटकही केलं नाही. त्या हिवाळ्यापासून मी तबक पुढं जाऊ देत आले. बाकावरची शेजारीण माझ्यासमोर धरायची, मी ते घ्यायची आणि न उचलता सुधाकरसमोर धरायची. तो तुकडा घ्यायचा. त्यानं मला कधी बोल लावला नाही, त्याच्या मनात तशी अढी नव्हती. सगळ्या मंडळीला माहीत होतं. शामरावांनाही. दर खेपेला शनिवारी ते फाटकाशी येत, विचारत, "बरं आहे न, बाई?" मी म्हणे, "बरं आहे." ते मान हलवून पुढच्या घराला जात. असं आमचं चाळीसेक वर्षांचं संभाषण.

गंमत म्हणजे तयारी सगळी माझ्याच हातची. पाळक 'भाकर' म्हणतात, पण तबकात असते ती सौंसरच्या बेकरीतली डबल रोटी. तिच्या कडा काढून चौकोनी तुकडे मी करते. द्राक्षांचा रस इथं कुठला? मी मनुका भिजत घालते, उकळते, फडक्यातून गाळते आणि थंड करून सुरईत भरते. चव पाहावी लागते, गोड झालाय का, करपट लागत नाही ना. ती चव मी घरी घेते. चर्चमध्ये नाही. स्वयंपाकघरातला रस हा नुसता रस असतो, हे मला कोणी समजावून सांगायला नको. उरलेल्या कडा दुधात कुस्करून मी रात्रीच्या जेवणाला खाते, कारण एकटीसाठी वेगळं काय रांधायचं.

सुधाकर जाऊन काही वर्षं झाली. आम्हाला पुन्हा मूल झालं नाही. शेवटच्या आजारात, दवाखान्यात, एका दुपारी त्यानं छताकडे बघत ते नाव घेतलं आणि माझ्याकडे वळून पाहिलं. मी 'हो' म्हटलं. एवढ्या वर्षांत तेच एकदा. तो गेल्यावर घरातलं आवरताना मला अचानक जाणवलं की आता हे नाव जगात फक्त मला माहीत आहे. मी गेले की ते कोणाच्याच तोंडी उरणार नाही. थडग्यावर नुसती तारीख आहे. तिला पाहिलेली माणसं एकेक करून गेली, आणि जी आहेत ती तिला 'विमलबाईंची ती पोरगी' म्हणून ओळखतात. एकटेपणाची मला सवय आहे. शिकवणीला मुलं येतात, नंदाबाई डोकावतात, दिवस जातो. पण एखादी गोष्ट माहीत असलेलं शेवटचं माणूस असणं, हे एकटेपण वेगळंच आहे. त्यावर कोणाशी बोलताही येत नाही.

नंदाबाईंना सांगावं असं कितीदा वाटलं. त्यांनी प्रेमानं ऐकून घेतलं असतं, पदरानं डोळे पुसले असते. तरी जीभ उचलली नाही. स्वयंपाकघरात एकटीनं म्हणून पाहावं असंही वाटलं. पण ऐकायला कोणी नसताना नाव घ्यायचं म्हणजे नुसता आवाज काढायचा. ते नाव मंडळीत घ्यायचं होतं. जी मंडळी उठून उभी राहणार होती, तिच्यातलं आता कोण आहे? मी आहे. आणि शामराव.

परवाच्या शनिवारी शामराव आले ते ऑटोतून. पार थकलेत. हात थरथरतात, ऐकू फार कमी येतं. बाग त्यांनी केव्हाच भावाच्या मुलांकडे सोपवली, पण शनिवारची फेरी कोणाकडे सोपवली नाही. मी फाटकाशी गेले आणि नेहमीचं 'बरं आहे' म्हणायला तोंड उघडलं. त्यांनी विचारलंच नाही. फाटक ढकलून आत आले आणि ओट्यावर बसले. काठी बाजूला ठेवली. मी उभीच राहिले.

"बाई, मी आजही टाकलं नसतं पाणी," ते म्हणाले. "त्यात चुकलो असं सांगाले नाही आलो मी."

रस्त्यावरून एक गाडी गेली, प्लास्टिकच्या कॅरेटांनी भरलेली. ती जाईपर्यंत ते थांबले.

"पण बसाले पाहिजे होतं मी. सुधाकर येतपर्यंत. मजुरांचं काय, ते थांबले असते. लेकरू जाऊन राहिलं हे दिसत होतं मले. भेव वाटलं अन् मी निंगून गेलो. तुम्हाले एकटं टाकून निंगून गेलो."

मला वाटलं होतं, हे ऐकलं तर मी त्यांना काहीतरी लागेल असं बोलेन. इतक्या वर्षांत मनात बरीच वाक्यं तयार करून ठेवली होती, एकापेक्षा एक धारदार. त्यातलं एकही आठवेना. मी एवढंच विचारलं, "चहा घेता काय, काकाजी?"

त्यांना ऐकू गेलं नाही. मी पुन्हा, जरा ओरडून विचारलं. ते हो म्हणाले. थरथरत्या हातातून चहा बशीत सांडत होता, म्हणून मी कप अर्धाच भरला. तो पिऊन होईपर्यंत ते बसले, मग पुन्हा थोडा वेळ नुसतेच बसले. मन साफ आहे का, असं त्यांनी जातानाही विचारलं नाही. मला इतकी वर्षं वाटत आलं होतं की मी पाण्यासाठी रागावले आहे. ऑटो वळणावरून दिसेनासा झाल्यावर ओट्यावर बसून मी बराच विचार केला. पाणी मी मागितलं होतं हे खरं. पण त्या दुपारी कोणी नुसतं माझ्याजवळ बसलं असतं, तर मी पाण्याचा हट्ट इतकी वर्षं धरला असता का, मला सांगता येत नाही.

रविवारी पाळक वेळेवर आले. तरुण आहेत, या सगळ्यातलं त्यांना काही ठाऊक नाही. बाप्तिस्म्याचं कटोरं टेबलाखाली पालथं घातलेलं होतं. कितीतरी वर्षांत ते सरळ करायची वेळच आलेली नाही. गीतं झाली. उपदेश झाला. पाळकांनी भाकर मोडली आणि तबक शामरावांच्या हाती दिलं. पूर्वी ते बाकाच्या टोकाशी देऊन बाजूला उभे राहत आणि माझ्यापर्यंत तबक दुसऱ्याच कोणाच्या हातून यायचं. आता माझ्या बाकावर मी एकटीच बसते. मधे कोणी नाही. ते थेट माझ्यासमोर आले. तबक इतकं हलत होतं की तुकडे कडेशी गोळा झाले होते. मी खालून हात लावून ते स्थिर केलं. तबक पुढं जायची वाट पाहत ते खाली बघत उभे राहिले.

"काकाजी," मी हळूच म्हणाले, "तिचं नाव रिबका ठेवलं होतं आम्ही."

त्यांनी मान वर केली. कान पुढं केला. "काय म्हणता, बाई?"

चर्चमध्ये सगळं शांत होतं. पाळक टेबलाजवळून पाहत होते. हळू बोलून भागणार नव्हतं.

"रिबका," मी मोठ्यानं म्हणाले. "माझ्या मुलीचं नाव रिबका."

मागच्या बाकापर्यंत सगळ्यांनी ऐकलं. शामरावांनी ते नाव एकदा, ओठातल्या ओठात, म्हणून पाहिलं. मग तबक माझ्या दिशेनं जरा पुढं केलं, आणि मी तुकडा घेतला.